तेलाचा दिवा आणि प्रामाण्याचा प्रश्न

मोटारीच्या मीटरमधला तेलाचा लाल दिवा तेलाविषयी थेट काहीच सांगत नाही. त्याच्यामागची जोडणी साधी असते. बॅटरीकडून आलेला प्रवाह किल्लीतून आणि फ्यूजमधून दिव्यापर्यंत पोहोचतो. दिव्याच्या दुसऱ्या टोकापासून एकच वायर निघते आणि इंजिनच्या ब्लॉकमध्ये आट्याने बसवलेल्या एका छोट्या स्विचकडे जाते. स्विचच्या आत पातळ पडदा असतो. इंजिन बंद असताना पडदा सैल आणि आतला संपर्क जुळलेला असतो, म्हणून किल्ली फिरवली की दिवा लागतो. इंजिन सुरू होऊन तेलाचा दाब चढला की पडदा ढकलला जातो, संपर्क तुटतो आणि दिवा विझतो. लहान इंजिनांत हा उंबरठा साधारण ०.२ ते ०.५ बार इतका खाली ठेवलेला असतो. म्हणजे दिवा लागण्याचा खरा अर्थ एवढाच, की प्रवाहाला गाडीच्या बॉडीपर्यंत वाट मिळाली. ती स्विचमधून मिळाली की मध्येच सोललेल्या वायरीतून, हे दिव्याकडे बघून कळत नाही.

जुन्या व्हॅनमध्ये ही दुसरी वाट सहज तयार होते. १९८४ मध्ये मारुती व्हॅन म्हणून बाजारात आलेली, १९८८ पासून ओम्नी या नावाने ओळखली जाणारी आणि २०१९ मध्ये उत्पादन थांबलेली गाडी हे त्याचे चांगले उदाहरण आहे. शाळेची व्हॅन, रुग्णवाहिका किंवा दुकानाच्या मालाची गाडी म्हणून ती महाराष्ट्रात अजूनही धावताना दिसते. तिचे ७९६ घन सेंटिमीटरचे तीन सिलिंडरचे इंजिन पुढच्या आसनांखाली असते. बंद जागेतली उष्णता, रस्त्यावरून उडणारी धूळ आणि उभ्या गाडीत शिरणारे उंदीर या तिघांना मिळून वायरीचे वेष्टण सोलायला फार वर्षे लागत नाहीत. वायर एखाद्या पत्र्याला घासली की गॅरेजच्या भाषेत ती ‘बॉडीला लागली’. मग तेल भरपूर असते, दाबही पुरेसा असतो, आणि तरी दिवा पेटून राहतो.

या दिव्याला खोटा म्हणतात. तसे म्हणताना नेमके कशाला खोटे ठरवले जाते, तो निवाडा कोणत्या आधारावर होतो आणि तोपर्यंत दिव्याचे ऐकायचे की नाही, हे तीन प्रश्न भारतीय दर्शनांत शतकानुशतके चर्चिले गेले आहेत. तिथे त्यांची नावे अनुक्रमे ख्यातिवाद, बाध आणि प्रामाण्यवाद अशी आहेत. दर्शनकारांपुढे मोटार नव्हती. दोरीवर भासणारा साप, शिंपल्यावर भासणारी चांदी आणि डोंगरावरचा धूर होता.

दिवा लाल दिसणे हे प्रत्यक्ष ज्ञान आहे. ‘तेलाचा दाब गेला’ हे मात्र अनुमान. अन्नंभट्टाच्या सतराव्या शतकातल्या तर्कसंग्रहात अनुमानाची जी मांडणी आहे, तिच्यात दिवा हा हेतू, दाब उतरणे हे साध्य आणि इंजिन हा पक्ष. हेतूवरून साध्याकडे जायचे तर दोघांत व्याप्ती हवी: जिथे जिथे दिवा, तिथे तिथे दाब कमी. ही व्याप्ती चालकाने शंभरदा अनुभवलेली असते, कारण रोज किल्ली फिरवताना दाब शून्य असतो आणि दिवा लागलेला असतो. पण वारंवार सोबत दिसणे म्हणजे व्याप्ती नव्हे, असे नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, बजावतात, आणि त्यासाठी त्यांनी उपाधीची कल्पना मांडली. धुरावरून अग्नी ओळखता येतो, पण अग्नीवरून धूर ओळखता येत नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. अग्नीसोबत धूर दिसतो तो ओल्या सरपणामुळे. हे ओले सरपण म्हणजे उपाधी. जिथे साध्य तिथे उपाधी असतेच, पण जिथे हेतू तिथे ती असेलच असे नाही.

दिव्याच्या बाबतीत उपाधी बोट ठेवून दाखवता येते. दाब उतरल्याने पडदा सैल पडून स्विचमधला संपर्क जुळणे, ही ती उपाधी. दाब खरोखर गेला असेल तर, स्विच धड असताना, हे घडतेच. दिवा लागला म्हणून मात्र ते घडलेच असे नाही. सोललेली वायर हा इथला लोखंडाचा गोळा. असा हेतू सव्यभिचार ठरतो, म्हणजे साध्याशी एकनिष्ठ नसतो. आणखी एक हेत्वाभास, म्हणजे सदोष हेतू, व्हॅनच्या चालकांना चांगला परिचयाचा आहे. संध्याकाळचे तिरपे ऊन मीटरवर पडले की लाल काच पेटल्यासारखी दिसते. तिथे हेतूच मुळात नाही, म्हणून तो असिद्ध. हातानेच सावली धरली की प्रश्न मिटतो.

खोटेपणा कुठे आहे, याबद्दल प्राभाकर मीमांसकांचे, म्हणजे मीमांसादर्शनातल्या प्रभाकरांच्या अनुयायांचे, उत्तर टोकाचे आणि या प्रकरणात फार उपयोगी आहे. त्यांच्या मते खोटे ज्ञान असे काही नसतेच. शिंपल्यावर चांदी भासते तेव्हा ‘हे’ असे जे दिसते ते खरे, आणि पूर्वी पाहिलेली चांदी आठवते तेही खरे. फक्त एक दिसते आहे आणि दुसरी आठवते आहे, हा फरक ध्यानात येत नाही. या मताला अख्याती म्हणतात. दिवा खरोखर पेटला आहे. दिव्यामागे दाब उतरल्याचा अनुभवही खरा आहे. चुकते ते दोघांतले अंतर न दिसणे. नैयायिकांना हे पटत नाही. नुसत्या न दिसण्याने माणूस चांदी उचलायला वाकणार नाही. वाकतो त्या अर्थी ‘ही चांदी’ असे एक सलग, चुकीचे ज्ञान झालेच पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद. व्हॅन हमरस्त्याच्या कडेला करकचून थांबवणाऱ्या चालकाचे वर्णन नैयायिक अधिक नीट करतात, यात शंका नाही. पण दोष शोधणाऱ्या मिस्त्रीला प्राभाकर जवळचे वाटावेत. दिवा खोटा नाही असे धरले की तो जे खरे सांगतो आहे, म्हणजे वायरीला बॉडीची वाट मिळाली आहे, त्याच्या मागे जाता येते. ‘दिवाच खराब’ म्हणून बल्ब काढून टाकणारा हा मागच पुसून टाकतो.

यानंतर प्रामाण्याचा प्रश्न येतो. ज्ञान झाले त्या क्षणी ते खरे मानायचे, की तपासल्यावर? चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या सर्वदर्शनसंग्रहात या प्रश्नाची चार उत्तरे एकत्र दिलेली आहेत. (पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९२४ मध्ये वासुदेवशास्त्री अभ्यंकरांच्या टीकेसह हा ग्रंथ प्रसिद्ध केला.) सांख्यांच्या मते ज्ञानाचा खरेपणा आणि खोटेपणा दोन्ही स्वतःच कळतात. नैयायिकांच्या मते दोन्ही बाहेरून. बौद्धांच्या मते खोटेपणा स्वतः, खरेपणा बाहेरून. मीमांसकांच्या मते खरेपणा स्वतः, खोटेपणा बाहेरून. खरी झुंज शेवटी मीमांसक आणि नैयायिक यांच्यात झाली.

सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टांच्या श्लोकवार्तिकात मीमांसेची बाजू पूर्ण आकाराला आली. ज्ञान झाले की ते ग्राह्य. ते रद्द करायचे तर दोनच कारणे चालतात: त्याला खोडून काढणारे दुसरे ज्ञान, म्हणजे बाधक प्रत्यय; किंवा ज्या साधनाने ते झाले त्या साधनातच सापडलेला दोष, म्हणजे कारणदोष. कावीळ झालेल्याला शंख पिवळा दिसतो तेव्हा शंख पुन्हा पाहण्याची गरज नसते. कावीळ कळली की पुरे. नैयायिक म्हणतात, प्रथम असतो तो संशय किंवा नुसते ज्ञान. त्याचा खरेपणा ठरतो प्रवृत्तिसामर्थ्यावरून, म्हणजे त्या ज्ञानाला धरून केलेले काम फळाला आले का यावरून. पाणी दिसले, गेलो, तहान भागली, तेव्हा पाण्याचे ज्ञान प्रमाण.

लाल दिवा लागताच इंजिन बंद करायचे, याबद्दल दोन्ही पक्षांत मतभेद होऊ नये. मीमांसक थांबतो कारण दिवा खोटा ठरेपर्यंत खरा आहे. नैयायिक थांबतो कारण त्याच्या मते कृतीला निश्चय लागतोच असे नाही, संशयही पुरतो. दाब खरोखर गेलेला असेल तर बेअरिंगवरचा तेलाचा थर काही क्षणांत संपतो आणि धातू धातूवर घासू लागतो. त्यापुढे इंजिन ‘बसायला’ काही मिनिटे पुष्कळ झाली. ‘गाडी चालवून बघू, काही झालं नाही तर दिवा खोटा’ ही जी रस्त्यावरची पद्धत आहे ती वरवर प्रवृत्तिसामर्थ्यासारखी दिसते, पण न्यायाला ती मान्य होणार नाही. काही न होणे हे फळ नव्हे. झिजलेले इंजिन कमी दाबावरही काही अंतर गुमान चालते, आणि त्याचा हिशोब नंतर येतो.

आता तपासणीचा क्रम. पहिली पायरी तेलाची पट्टी: गाडी सपाट जागी उभी करून, काही मिनिटे थांबून, पट्टी काढून पुसून पुन्हा घालून पाहणे. तेल दोन खुणांच्या मध्ये असले तरी दाब आहे हे सिद्ध होत नाही, कारण पंप मेला किंवा गाळणी तुंबली तर भरल्या तेलातही दाब नसतो. पट्टीने एक शक्यता मिटते, एवढेच.

दुसरी पायरी हा सगळ्या तपासणीचा गाभा आहे. इंजिन बंद, किल्ली चालू, दिवा लागलेला. आसन उचलून स्विचवरची वायर काढायची आणि तिचे टोक कशालाही लागू द्यायचे नाही. दिवा विझला तर वायर निर्दोष. दिवा पेटलेलाच राहिला तर स्विचचा या प्रकरणाशी संबंधच नाही; मीटरपासून इथपर्यंत वायर कुठेतरी बॉडीला लागली आहे. दिवा विझला असेल तर तेच सुटे टोक ब्लॉकच्या स्वच्छ धातूला टेकवायचे, म्हणजे दिवा लागलाच पाहिजे. कारण असताना कार्य आणि कारण काढताच कार्याचा अभाव, यालाच शास्त्रात अन्वय-व्यतिरेक म्हणतात. वायर काढताना तिच्या टोपीत तेल साचलेले आढळले तर तीही खूण आहे: स्विचचा पडदा फाटून तेल संपर्कापर्यंत आले.

वायर निर्दोष ठरली की दोन शक्यता उरतात, स्विच बिघडला किंवा दाब खरोखर कमी आहे. इथे पुष्कळ गॅरेजांत नवा स्विच बसवून मोकळे होतात, कारण तो स्वस्त असतो. हा अंदाज अनेकदा बरोबरही ठरतो, पण नवा स्विच बसवल्यावर दिवा विझला तर जुना खराब होता असे म्हणण्याआधी नव्याचा उंबरठा तेवढाच आहे ना, हे पाहायला हवे. खात्रीचा मार्ग म्हणजे स्विच काढून त्याच भोकात दाबाचे यांत्रिक मीटर लावणे आणि इंजिन पूर्ण तापल्यावर, मंद गतीला आणि वाढवलेल्या गतीला, आकडे पाहून ते उत्पादकाच्या पुस्तिकेशी ताडणे. मीटरने पुरेसा दाब दाखवला की ‘दाब गेला’ हे अनुमान बाधित झाले.

कुमारिलांची दोन कारणे इथे वेगवेगळी दिसतात. मीटर हा बाधक प्रत्यय: तो सांगतो की दिव्याचा इशारा खोटा आहे. सोललेली वायर किंवा फाटलेला पडदा हा कारणदोष: तो सांगतो की इशारा का खोटा आहे. कुमारिलांना दोहोंपैकी एक पुरे. व्हॅनच्या बाबतीत मात्र नुसत्या बाधकावर थांबणे धोक्याचे आहे, कारण मीटर लावले त्या वेळी दाब होता एवढेच ते सांगते. तापलेल्या इंजिनला मंद गतीवर दिवा लुकलुकतो आणि गती वाढवली की विझतो, हे झिजलेल्या बेअरिंगांचे नेहमीचे लक्षण आहे. गार इंजिनवर मीटर लावून ‘दिवा खोटा’ म्हणणाऱ्याला मीटर खरेच सांगत असते, फक्त दुसऱ्या वेळेचे. तसेच ‘खड्ड्यात लुकलुकतो म्हणजे वायर लूज’ हा गॅरेजमधला ठोकताळा. खड्ड्यात वायर हलते हे खरे. पण तेल कमी असेल तर वळणावर आणि ब्रेक दाबताना ते तळाच्या एका बाजूला जाते, पंपाला हवा मिळते आणि दिवा तसाच लुकलुकतो. खड्डा, वळण आणि ब्रेक आपल्या रस्त्यांवर एकमेकांपासून वेगळे काढणे सोपे नाही. म्हणून इशारा खोटा आहे हेही एक ज्ञान आहे आणि त्यालाही आपला आधार दाखवावा लागतो. दोष प्रत्यक्ष सापडेपर्यंत तो आधार अपुरा.

यावर मीमांसकांनी न्यायाला विचारलेला जुना प्रश्न उभा राहतो. दिवा मीटरने तपासला. मीटर कशाने तपासणार? दुसऱ्या मीटरने तपासले तर त्याला तिसरे हवे. खरेपणा बाहेरूनच यायचा असेल तर ही साखळी संपत नाही. कुमारिल म्हणतात, तीन-चार ज्ञानांपलीकडे जाण्याची वेळच येत नाही: पहिले ज्ञान, त्याला खोडणारे दुसरे, दुसऱ्याबद्दल शंका आली तर तिसरे, तिथे दोष न सापडल्यास मूळ निवाडा कायम. नैयायिकांचे उत्तर वेगळे आहे. प्रत्येक ज्ञान तपासलेच पाहिजे असे ते म्हणत नाहीत. जिथे शंका आली तिथेच तपासायचे. शिवाय वाचस्पती मिश्र आणि उदयन यांनी तज्जातीयतेचा आधार दिला: ज्या जातीची ज्ञाने पूर्वी अनेकदा फळाला आली, त्याच जातीचे हे आहे, म्हणून ते प्रमाण. शेजारच्या धडधाकट गाडीवर योग्य आकडा दाखवणारे मीटर या व्हॅनवर अचानक फसवेल असे मानायला काही कारण नसते. उदयनांनी शंकेला हद्दही घातली: स्वतःच्याच वागण्याशी विसंगत ठरेपर्यंत शंका ताणता येत नाही. भूक लागल्यावर जेवणारा माणूस जेवणाने भूक भागते यावर शंका घेऊ शकत नाही. बाराव्या शतकात श्रीहर्षांनी खंडनखंडखाद्यात हीच हद्द उलटवली: विसंगती आहे असे म्हणायलाही शंका असावी लागते, मग विसंगती शंकेला कशी थांबवणार? चौदाव्या शतकात गंगेशांनी तत्त्वचिंतामणीत या आक्षेपाला उत्तर दिले, आणि त्यानंतरचा नव्यन्याय प्रामाण्याच्या याच चर्चेवर पोसला. गॅरेजमध्ये व्यवहारात कुमारिलांचीच संख्या पाळली जाते. चौथ्या तपासणीनंतर गिऱ्हाईकही थांबत नाही.

पेटलेल्या दिव्याइतकीच विझलेल्या दिव्याची बाजूही पाहावी लागते. वायर बॉडीला लागली तर खोटा इशारा मिळतो, पण वायर तुटली तर खोटा दिलासा: दाब शून्यावर आला तरी दिवा लागत नाही. दुसरा दोष कितीतरी घातक. इथे भाट्ट, म्हणजे कुमारिलांच्या परंपरेतल्या, मीमांसकांचे सहावे प्रमाण, अनुपलब्धी, उपयोगी पडते. टेबलावर घागर दिसत नाही यावरून घागर नाही हे कळते. पण अंधारात न दिसण्यावरून काही कळत नाही. असती तर दिसली असती, ही योग्यता आधी सिद्ध हवी. किल्ली फिरवल्यावर इंजिन सुरू होण्यापूर्वी लागणारा दिवा नेमकी हीच योग्यता सिद्ध करतो: बल्ब, वायर, स्विच तिन्ही जागेवर आहेत, लागायचे कारण असते तर दिवा लागला असता. त्या दोन सेकंदांत मीटरकडे न पाहणाऱ्याला नंतरच्या विझलेल्या दिव्याने काहीच कळत नाही. ‘माझ्या गाडीचा दिवा कधीच लागत नाही, इंजिन एकदम फिट’ असे कौतुकाने सांगणाऱ्याचा हेतू तर विरुद्ध या हेत्वाभासात जातो, कारण धड गाडीचा दिवा रोज लागतो.

मीमांसकांनी स्वतःप्रामाण्य मांडले ते मात्र अशा कामांसाठी नव्हे, वेदासाठी. वेदवचन ऐकून ज्ञान होते, म्हणून ते स्वतःच ग्राह्य. ते रद्द करायला बाधक हवा. पण यज्ञाचे फळ स्वर्गात असल्याने प्रत्यक्ष त्याला खोडू शकत नाही. किंवा कारणदोष हवा. पण वेद अपौरुषेय, त्याला कर्ता नाही, मग भ्रम, प्रमाद किंवा लबाडी यांना राहायला जागाच नाही. म्हणून त्याचे प्रामाण्य कायम. युक्तिवाद देखणा आहे, आणि दिव्यावर लागू पडणारा नियमच तो वापरतो. फरक पडतो तो नियम चालण्याच्या अटीत. दिव्याला तत्काळ खरे मानणे शहाणपणाचे ठरते, कारण त्याला खोटे ठरवण्याची वाट उघडी असते: वायर काढता येते, मीटर लावता येते, पडदा फोडून पाहता येतो. जिथे बाधक येऊच शकत नाही आणि कारण तपासताच येत नाही, तिथे दोष न सापडणे ही कुमारिलांच्याच भाषेत योग्य अनुपलब्धी ठरत नाही. ती अंधारातली घागर आहे. मीमांसक यावर म्हणेल की कर्त्याचा अभाव हाच दोषाच्या अभावाचा पुरावा आहे, पण मग कर्त्याचा अभाव कशावरून, हा प्रश्न त्याच्यावर उलटतो, आणि त्याचे उत्तर, की कोणालाही कर्ता आठवत नाही, पुन्हा अनुपलब्धीकडेच येते.

नैयायिकांनी वेद मानला, पण वेगळ्या वाटेने. वेद प्रमाण कारण त्याचा वक्ता आप्त, म्हणजे विश्वासार्ह, आहे, तो ईश्वर. न्यायसूत्रांनी त्यासाठी मंत्र आणि आयुर्वेद यांचा दाखला दिला: औषधाचा गुण येतो हे दिसते, म्हणून ते सांगणारा विश्वासार्ह, आणि त्याच्या न दिसणाऱ्या गोष्टींबद्दलच्या वचनांवरही भरवसा ठेवता येतो. मीमांसकांचा यावरचा आक्षेप तितकाच नेमका आहे. दिसणाऱ्या बाबतीत खरा ठरलेला वक्ता न दिसणाऱ्या बाबतीतही खरा ठरेल, ही व्याप्ती कुठे तपासली? तेलाचा दिवा वर्षानुवर्षे बरोबर सांगत आला म्हणून त्याच मीटरमधला चार्जिंगचा दिवाही बरोबर असेल, असे कोणताही मिस्त्री धरून चालत नाही. त्याची वायर वेगळी असते आणि ती वेगळीच काढून पाहावी लागते.